ऐकणाऱ्याचा दगड खाली का

गावात शिरताना चिंचेखाली दोन दगड दिसले असतील तुम्हाला. एक कमरेएवढा उंच, दुसरा जेमतेम वीतभर. एकाच खडकाची ती दोन भकलं आहेत. नवखा माणूस पुढाऱ्याला उंच दगडावर बसवायला जातो, आणि आम्ही त्याला हाताला धरून थांबवतो. उंच दगड सांगणाऱ्याचा, खालचा ऐकणाऱ्याचा. तुम्ही दवाखान्याच्या कामाने आलात, घरोघर दुखणी विचारणार, म्हणून आधी ही हकिगत ऐका. माझ्या चुलत्याने सांगितली तशीच सांगतो. फक्त घाई करू नका.

फार मागची गोष्ट. आसरखोऱ्याच्या पाटलाला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्याने देशावरच्या भाऊबंदांतला एक मुलगा दत्तक घेतला. मुलगा म्हणायचा, पण आला तेव्हा चांगला तिशीचा होता, बायको घेऊनच आला. रायाजी त्याचं नाव. मनाने फार चांगला माणूस, असे सांगतात. पाटीलकी हातात आल्यावर रोज सकाळी घोडीवर बसून वरच्या आळीपासून खालच्या वाडीपर्यंत जायचा, दारोदार घोडी उभी करायचा आणि विचारायचा, "काय, बरं आहे ना?" माणसं हात जोडून म्हणायची, "बरं आहे, बाबा." हिंवाने दात वाजत असले तरी घोंगडी सावरून तेच म्हणायची. पाटलाने सकाळी सकाळी मायेने विचारावं आणि आपण त्याच्यापुढे रडगाणं मांडावं, हे कुणाला शोभेसं वाटायचं नाही. पाटील समाधानाने घरी जायचा.

त्यात आमच्या खोऱ्यात आणखी एक रीत होती. घरात ताप शिरला की त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की तो ठाण मांडतो, असा समज. म्हणून तापाला म्हणायचं पावणी. "आमच्याकडे पावणी आलीय" म्हटलं की शेजारीण काय ते समजायची आणि उंबऱ्याशी पेजेचं भांडं ठेवून जायची. देशावरच्या माणसाला हे कुठून कळणार?

एका साली दिवाळी झाली आणि खालच्या वाडीतली माणसं कामावर दिसेनाशी झाली. पाटलाने घोडीवरून विचारलं, तर एका दारी उत्तर आलं, "बरं आहे, बाबा, पण घरात पावणी आहे." दुसऱ्या दारी तेच. सातव्या दारी तेच. पाटील खूश होऊन घरी आला आणि पाटलीणबाईंना म्हणाला, "खालच्या वाडीत लेकीबाळी माहेरी आल्यात वाटतं. एकही घर रिकामं नाही. साऱ्यांना जेवायला बोलावू." आणि त्याने दवंडी दिली, की ज्याच्या घरी पावणी असेल त्याने तिला घेऊन परवा वाड्यावर जेवायला यावं.

वाडीत ही दवंडी ऐकून माणसं हबकली. कुणी म्हणालं, पाटलाने तापाला आवतण दिलं. कुणी म्हणालं, देशावरचा नवस असेल काही. पंचांतले वडीलधारे आधीपासून सांगत होते, की हा देवीचा कोप आहे, बोकड द्या. वाड्यावर जाऊन खरं काय ते सांगावं, असं मात्र कुणाला सुचलं नाही, आणि ज्याला सुचलं त्याला धीर झाला नाही.

ठरल्या दिवशी ओसरीवर पत्रावळी मांडून पाटील वाट बघत बसला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी एकटी ठकूबाई आली. ही दोर वळणारी म्हातारी. मुलगी बाळंतपणात गेलेली, तिच्यामागे राहिलेली मैना नावाची सहा वर्षांची नात एवढंच तिचं माणूस. त्या नातीला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घातलं होतं. म्हातारीने तिला अलगद पाटावर टेकवलं आणि म्हणाली, "ही घ्या आमच्याकडची पावणी. तेरा दिवस झाले, जायचं नाव नाही. तुम्ही बोलावलंत म्हणून आणली. जेवा म्हणावं तिला, आणि जा म्हणावं."

पाटलाने पोरीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "ठकूबाई, मी रोज तुझ्या दारात येतो. रोज विचारतो. तू रोज बरं आहे म्हणतेस."

"तुम्ही घोडीवरून विचारता, बाबा," म्हातारी म्हणाली. "मान वर करून बोलायचं म्हटलं की तोंडातून 'बरं आहे'च येतं."

हे ऐकून पाटील, म्हणे, उठला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिच्याहून खाली, पायरी सोडून अंगणात. म्हणाला, "आता सांग." म्हातारीने पोरीवरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाली, "तळ्याचं पाणी. नासलंय."

झालं होतं असं. नव्या पाटलाने त्या साली अंबाडीचं पीक वाढवलं होतं आणि दोरासाठी सालीचा धागा, म्हणजे सोल, सुटावा म्हणून भारेच्या भारे खालच्या तळ्यात कुजत घातले होते. आधी हे काम ओढ्यापलीकडच्या डबक्यात व्हायचं. आणि वाडी पाणी प्यायची ते याच खालच्या तळ्याचं. पाण्याला घाण मारत होती, वर तवंग आला होता, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

"मग एवढे दिवस बोललीस का नाहीस?"

"अंबाडी तुमची आणि दोर वळायचा मी. त्या सोलावर माझी वर्षाची भाकरी. भारे पाण्यात दाबायला मीच उतरले होते, बाबा. मी कुणाच्या नावाने बोलू?"

पाटलाने तिथेच शब्द दिला, की गावातल्या शेवटच्या घराचं दुखणं ऐकल्याशिवाय माझ्या घरी चूल पेटणार नाही. आतून पाटलीणबाई म्हणाल्या, "मग दोन दिवस तरी आपलं काही खरं नाही." पण त्यांनी स्वतः चुलीवर पाणी ओतलं, असे सांगतात. पाटील पायी खाली गेला. भारे त्याने स्वतः उतरून बाहेर ओढले. घरोघर जमिनीवर बसला. पहिल्या दिवशी कुणी नीट बोलेना, दुसऱ्या दिवशी थांबेनात. वाडीला प्यायला चांगलं पाणी हवं म्हणून चिंचेखालच्या खडकावर त्याने उपाशीपोटी पहार घातली. तिसऱ्या दिवशी खडक म्हणे एकदम दुभंगला, आणि फटीतून करंगळीएवढी धार आली. बोकडाचं काय, असं पंचांनी विचारलं, तर म्हणाला, "देवीला मागाहून विचारू. आधी माणसांना विचारून होऊ दे."

त्या झऱ्याचं पाणी उकळून, पेज करून, ठकूबाईने मैनेला चमच्याने पाजायला घेतलं. चार दिवस पोरीने डोळे उघडले नाहीत. म्हातारी उठली नाही आणि पाटीलही दारातून हलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी पोरीने डोळे उघडले. पाटलाच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "काय गं, बरं आहे ना?"

पोरगी म्हणाली, "नाही. पोट दुखतंय. आणि ही पेज आळणी आहे."

पाटलाला बरं नाही म्हणणारं गावातलं हे पहिलं माणूस. दारात जमलेली सारी वाडी हसली, आणि ठकूबाई तेवढी पदर तोंडाला लावून रडली.

खडकाचे दोन तुकडे रायाजीनेच जागेवर बसवले, कोण कुठे बसणार तेही त्यानेच ठरवलं. आजही मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी शेवटचं दुखणं ऐकून होईपर्यंत गावच्या प्रमुखाच्या घरी चूल पेटत नाही. आता गॅस आहे, तर त्याचं बटण फिरवत नाहीत. गेल्या साली आमच्या सरपंच द्वारकाताई सकाळपासून खालच्या दगडावर उपाशी बसल्या होत्या. साऱ्यांचं सांगून झालं, राहिला इठोबा सकपाळ. आडदांड गडी, आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढला नाही. तिसऱ्या प्रहरी आला, उंच दगडाला नुसता टेकला आणि म्हणाला, "काही नाही ताई, बरं आहे. जा, जेवा तुम्ही."

"भावजी, सकाळपासून पोटात काही नाही माझ्या," ताई म्हणाल्या. "खोटं ऐकायला बसले नाही मी."

इठोबा हसला. ताई हसल्या नाहीत. खाली बसून वर बघत राहिल्या. मग इठोबा दगडावर नीट बसला, सदऱ्याची गुंडी काढली, आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "इथे. दोन महिने झाले."