बातमीमागे एक पाटी

एकदा एका तळ्याकाठच्या मठात एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा तरुण शिष्य राहत असत. शिष्य बुद्धिमान होता, सेवाभावी होता. पण त्याला बातम्यांचे वेड होते, आणि वेड म्हणजे अगदी वेडच. मठाजवळून व्यापारी मार्ग जाई. धर्मशाळेत तांडा उतरला की हा हातातले काम टाकून तिथे हजर. कुठल्या राजाने कोणाला सुळी दिले, कुठल्या नगरात दोन डोक्यांचे वासरू जन्मले, सारे त्याला तोंडपाठ. "जगाची खबर हवी तर आमच्याकडे या," असे तो छाती फुगवून सांगे. मठाची गाय चार दिवस चारा खात नाही, हे मात्र त्याला पाचव्या दिवशी कळले.

आचार्य रागावले नाहीत. त्यांनी त्याच्यापुढे माती वाहायची एक रिकामी पाटी ठेवली. "आजपासून धर्मशाळेत एक बातमी ऐकलीस, की एक पाटी मुरूम टेकडीवरून तळ्याच्या बांधावर नेऊन टाकायचा."

"पण आचार्य, बातमीचा आणि मुरुमाचा संबंध काय?"

"तो तुझी मान तुला सांगेल."

शिष्याला ही शिक्षाच वाटली. पहिल्या आठवड्यात त्याने हट्टाने रोज चौदा-चौदा पाट्या वाहिल्या. पण दोन डोक्यांच्या वासरापायी भर उन्हात टेकडी चढायची म्हणजे त्याची त्यालाच लाज वाटू लागली. मग कोणी बोलायला तोंड उघडले, की तो मनाशी विचारू लागला, हे ऐकावे की उठावे? वर्षभरात चौदाच्या तीन-चार झाल्या. या येण्याजाण्यात त्याची भिवरा भोईणीशी ओळख झाली. बांधाच्या पायथ्याशी ती जाळी वाळत घाली. वयाने म्हातारी, जिभेने तिखट. "काय बुवा, आज राजे कमी मेले वाटतं!" असे चिडवायची, आणि चिडवता चिडवता तळ्याचे सारे गुण त्याला सांगायची.

भाद्रपदातल्या एका दुपारी तो पाटी घेऊन गेला, तेव्हा ती चिडवायचे विसरली होती. "बुवा, इकडं बघा. हितला पाझर आजवर नितळ यायचा. आज गढूळ येतोय. बांधाच्या पोटातली माती चाललीय."

शिष्याने वर पाहिले. आभाळ निरभ्र, तळे जेमतेम अर्धे भरलेले. उद्या आचार्यांच्या कानावर घालू, असे म्हणून तो धर्मशाळेत गेला.

तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. एक कापडव्यापारी दूरच्या दोन राज्यांची लढाई रंगवून सांगत होता. बांधाखालच्या वस्तीतली झाडून सारी माणसे ऐकायला आली होती. कोपऱ्यातला मिठाचा लमाण मध्येच म्हणाला, "वरच्या घाटात तीन दिवस झाले नुसता कोसळतोय. ओढ्यातनं आमचे दोन बैल वाहून गेले."

"अहो, थांबा हो! लढाई ऐकू द्या!" लोक त्याच्यावर खेकसले.

शिष्याने मान वळवून लमाणाकडे पाहिले. तो ओढा याच तळ्याला मिळत होता. घाटावरचा पाऊस आणि पायथ्याचे गढूळ पाणी, दोन्ही बातम्या त्याच्या मनात एकत्र आल्या. इकडे व्यापाऱ्याच्या गोष्टीत किल्ल्याचा दरवाजा आत्ता कुठे फुटत होता. शेवट ऐकायला मन ओढ घेत होते, तरी तो उठला. "मंडळी, बांध धोक्यात आहे! उद्यापर्यंत पाणी येईल!"

"बुवांची आणखी एक बातमी!" कोणीतरी म्हणाले आणि सारे हसले. त्याने वाद घातला नाही. पाटी उचलली आणि चालू लागला. त्याची हाक ऐकून आलेले आचार्य दाराशी उभे होते. ऐंशी वर्षांच्या त्या माणसाने काही न विचारता दुसरी पाटी डोक्यावर घेतली. ते पाहून हसणारे एकेक करून उठले. व्यापारीही गोष्ट अर्धी टाकून मागे आला.

बांधावर भिवरा सेनापतीसारखी उभी होती. "चिखल लिंपू नका, पाणी आत कोंडेल! आधी वाळू, मग खडी. पाणी येऊ द्या, माती येऊ देऊ नका!" वरून वजन द्यायला मुरूम हवा होता, आणि तो शोधावा लागला नाही. शिष्याने वर्षभर वाहिलेला ढीग तिथेच होता. दिवस मावळायच्या आत पायथा भरला, जादा पाणी जायच्या सांडव्यातला झाडझाडोरा निघाला.

दुसऱ्या सकाळी लोंढा आला. तळे काठोकाठ भरले, सांडवा गर्जत वाहिला, आणि बांध जागचा हलला नाही! खालच्या वस्तीत ढोल वाजू लागले. भिवराने शिष्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पुढे झुकला. त्याच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते.

"आता समजले, आचार्य," तो म्हणाला. "दूरच्या बातम्या ऐकूच नयेत."

"छे! घाटावरचा पाऊस दूरचाच होता ना?" आचार्य हसले. "बातमी जवळची की लांबची, हे मी तुला कधी विचारले नाही. ती ऐकून तू काय उचलणार, एवढेच विचारले. जिच्यामागे काही उचलावेसे वाटत नाही, ती नुसती करमणूक. ती खुशाल कर. पण तिला जगाचे ज्ञान म्हणू नकोस."

तेवढ्यात व्यापारी हात पुसत आला. "बुवा, लढाईचा शेवट राहिला की तुमचा! कोण जिंकलं, सांगू?"

 शिष्याने रिकामी पाटी काखेत घेतली.

"जिंकलं कोण ते राहू द्या, शेटजी. लढाईपायी घरं सोडून निघालेली माणसं कुठल्या वाटेनं येताहेत, तेवढं सांगा. तांदूळ किती काढून ठेवू?"