तीन पंख्यांच्या चिठ्ठ्या

एका राज्यात मणिध्वज नावाचा राजा होता. त्याच्या खजिन्यात एका मृत जादूगाराच्या शंभर वस्तू होत्या, आणि त्या हाताळायला तांब्याचा एक सेवक होता. माणसाने त्या वस्तूंना हात लावला तर हात भाजे. सेवकाला काही होत नसे. काम तो तोंडी ऐकून घेई, पण वस्तू निवडी ती केवळ तिला बांधलेली चिठ्ठी वाचून. बोट दाखवून सांगितलेले त्याला कळत नसे.

चिठ्ठ्या लिहिल्या होत्या राजकवी शब्दार्णवाने. एकीवर ‘त्रैलोक्यदुर्लभ’, दुसरीवर ‘सकलसंकटहारी’, आणि बहुतेकींवर दोन्ही.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मंदाकिनी राणी म्हणाली, “जरा वारा घाल रे.”

खजिन्यात मोरपिसांचे तीन सारखेच पंखे होते. तिन्हींच्याही चिठ्ठीवर एकच ओळ होती : ‘महाराणींच्या सेवेस योग्य असे दिव्य रत्न.’ सेवकाने हाताला आला तो पंखा घेतला आणि हलवला. राणीची पावले दगडाची झाली.

राजा धावत आला. “हे उलटव! आत्ताच्या आत्ता!”

“कशाने, महाराज?” सेवक शांतपणे म्हणाला. “सत्तर वस्तूंवर संकटहारी लिहिले आहे.”

तेव्हा खजिन्याच्या तुळईवरची म्हातारी साळुंकी बोलली. ती जादूगाराच्या काळापासून तिथेच राहत होती. “राजा, मरताना माझ्या धन्याने शाप दिला होता. जोवर त्याच्या वस्तूंची नुसती स्तुती होईल, तोवर त्या माणसांचे हात भाजतील आणि राजघराण्यावर उलटतील. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना दगड राणीच्या काळजाला पोचेल.”

राजाने दवंडी पिटवली. पंडित आले, त्यांनी आणखी सुंदर स्तुती लिहिल्या, आणि दगड गुडघ्यापर्यंत चढला. मग बाजारपेठेतली कमळजा आली. ती औषधी मुळ्या विकायची, आणि तिच्या दुकानातल्या प्रत्येक बरणीवर तिच्या हातची चिठ्ठी असायची.

“मला कविता येत नाही, महाराज,” ती म्हणाली. “पण माझी बरणी चुकून कुणी प्यायला, असं कधी झालं नाही.”

“लिही,” राजा म्हणाला.

कमळजाने साळुंकीला विचारून तिन्ही पंख्यांचे गुण जाणून घेतले आणि चिठ्ठ्या लिहिल्या : ‘वारा घालतो.’ ‘दगड करतो.’ ‘दगड सोडवतो.’ आधी अंगणातल्या दगडी बेडकावर परीक्षा झाली. सेवकाने बरोबर तिसराच पंखा उचलला आणि दारातूनच जोरजोरात हलवला. बेडूक उडी मारून पळाला. पण मागची भिंतही जिवंत झाली आणि जांभया देऊ लागली.

“किती आणि कुठून, ते मी लिहिलंच नाही,” कमळजा म्हणाली. “महाराणींचा महाल दगडी आहे. तो चालू लागला असता!”

दुसऱ्या दिवशी तिने काहीच सोडले नाही. पीस कोणत्या मोराचे, दांडा कोणत्या लाकडाचा, जादूगाराने तो कोणत्या वारी घडवला, सगळे लिहिले. चिठ्ठी जमिनीवर लोळू लागली. सेवक वाचत राहिला, वाचत राहिला. सूर्य मावळला तेव्हा तो मोराच्या आजोबांपर्यंत आला होता. दगड राणीच्या कमरेवर चढला.

“घाबरू नकोस,” राणीच कमळजाला म्हणाली. “उद्या थोडं कमी लिही.”

तिसऱ्या दिवशी कमळजा सेवकासमोर बसली. तिने विचारले, “बाबा रे, पंखा उचलताना तुला काय काय ठाऊक हवं?”

सेवक थबकला. आजवर त्याला कुणी हे विचारलेच नव्हते. तो एकेक सांगत गेला, ती लिहीत गेली :

‘दगड झालेल्या माणसाला पुन्हा माणूस करतो. एरवी वापरू नये. नुसता वारा हवा असल्यास वारा घालतो अशी चिठ्ठी असलेला पंखा घ्यावा. हातभर अंतरावरून तीनदा हळू हलवावा. गालावर लाली आली की काम झाले. जवळचा इतर दगडही जिवंत होतो. शंका आल्यास आधी विचारावे.’

दगड राणीच्या छातीपाशी आला होता. सेवकाने चिठ्ठी वाचली, पंखा उचलला, हातभर अंतरावर उभा राहिला आणि थांबला.

“महाराज, महाराणींच्या गळ्यात दगडी पोपटांची माळ आहे. ती काढू का?”

“काढ, काढ!” राजा ओरडला.

माळ दूर ठेवली गेली. पंखा तीनदा हलला. राणीच्या गालावर लाली आली, पाय मोकळे झाले, आणि ती पहिल्यांदा कमळजाच्याच गळ्यात पडली. स्तुतीऐवजी खऱ्या उपयोगाच्या चिठ्ठीने काम झाले होते, म्हणून त्याच क्षणी शाप तुटला. खजिन्यातल्या वस्तू कुणाच्याही हाताला भाजेनाशा झाल्या.

शब्दार्णव मान खाली घालून पुढे आला. “बाई, मला शिकवाल?”

“बसा,” कमळजा म्हणाली. “आधी हा शंख वाजवून बघा. मग लिहा.”

महिनाभरात शंभर चिठ्ठ्या नव्या झाल्या. शेवटची बांधून झाली तेव्हा सेवक कमळजापाशी आला.

“माझ्यावर चिठ्ठी नाही,” तो म्हणाला.

कमळजाने लेखणी उचलली, थोडा विचार केला आणि चिठ्ठी लिहून त्याच्या गळ्यात बांधली. त्याने ती हातात धरून वाचली : ‘सांगितलेले मनापासून करतो. कळले नाही तर विचारतो. त्याला उत्तर द्यावे.’

त्या दिवसापासून तो विचारी, माणसे उत्तर देत, आणि त्या राज्यात सारे सुखाने नांदू लागले.