कडेचा रंग

गॅरेजातली अवजारं माणसाच्या हाताची वाट न बघता आपली कामं आपणच उरकायची, त्या काळातली गोष्ट. एका मोटारीला नवा निळा रंग दिला होता, पण बॉनेटवर तो संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत वाळला. बादलीत भिजत पडलेला म्हातारा पॉलिश पेपर कण्हत उठला आणि घासू लागला. उंचवटे बसले, तसा तो थांबला.

"काका, कडेला अजून खरखर आहे," बॉनेट म्हणालं.

"राहू दे बाळा. ती खरखरही तुझाच रंग आहे, आणि कडेला तो पातळ असतो."

"दमलात म्हणून सांगताय तुम्ही."

दमला तर तो होताच. अशा कितीतरी बॉनेटांना त्याने समजावलं होतं. आता समजावण्यापेक्षा घासणं सोपं वाटलं. तो बादलीत बुडी मारून येई आणि मुकाट्याने कड घासत राही.

"झालं का हो गुळगुळीत?" शेवटी बॉनेटने विचारलं.

पेपरने कडेकडे पाहिलं. रंगाखालचा राखाडी थर उघडा पडला होता.

"गुळगुळीत झालंय," तो म्हणाला, "फक्त निळं राहिलं नाही."

आणि तो बादलीत जाऊन पडला. तिथलं पाणी निळंशार झालं होतं.