सुताराची स्वस्त ढोली

नदीकाठच्या आमराईत ढोल्या भाड्यानं मिळत, तेव्हाची ही गोष्ट. पोपट एका ढोलीपायी रोजचा निम्मा चारा मागत. पोट आणि घर दोन्ही भागेना, म्हणून साळुंकीचं जोडपं झाडोझाड हिंडत होतं.

एकदा सुतार पक्ष्यानं त्यांना आमराईबाहेर, काठावरच्या उंच शिरीषात ऐसपैस ढोली दाखवली. भाडं दिवसाला चार किडे. साळुंका हरखला. साळुंकीच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

"सुतारभावजी, एवढी ढोली कोरायला किती दिवस लागले?"

"दिवस कसले वहिनी, एक सकाळ," सुतार ऐटीत म्हणाला.

साळुंकीनं खोडात चोच मारली. ती लोण्यात जावी तशी आत गेली. झाड कधीच मेलं होतं.

"आणि तुमची पिलं कुठं वाढतात?"

सुताराची नजर आमराईकडे गेली.

वादळाचे दिवस दोन महिन्यांवर होते, अंडी चार दिवसांवर. साळुंकीनं पहिली काडी ढोलीत ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, यंदा पिलांना गाणं मागाहून शिकवू. आधी उडणं."