शंभर वाफाळती ताटं आणि एक पेला ताक

फार फार वर्षांपूर्वी, कुठे ते आता कोणालाच सांगता यायचं नाही, एका राजाच्या पदरी चिमाबाई नावाच्या आजी होत्या. राजाच्या ताटातला पहिला घास त्या खायच्या. त्यांचे यजमानही हेच काम करायचे, आणि अशाच एका विषारी घासाने ते गेले होते.

एके दिवशी एका कारागिराने पितळी हत्ती आणला. सोंडेखाली विषारी अन्न ठेवलं की हत्ती ओरडायचा. अट एकच, त्याचं पोट उघडून बघायचं नाही.

राजवैद्याने शंभर ताटांत विष कालवलं. हत्ती शंभर वेळा ओरडला. दरबार खूश!

प्रधान म्हणाला, "चिमाबाई, सुटलात! उद्यापासून खुशाल घरी बसा."

सुटका कोणाला नको असते? पण चिमाबाईंचा पाय निघेना.

"प्रधानजी, शंभरही ताटं चुलीवरून उतरलेली, वाफाळती. हे एकच ताट शंभर वेळा ठेवल्यासारखं झालं. काहीतरी गार ठेवून बघू या की!"

"पोटात काय आहे ते ठाऊक नाही, आणि निघाल्या खोट काढायला!"

"पोट त्याचं त्याला लखलाभ. काय दिलं की काय करतो, तेवढंच मला बघायचंय."

वैद्याने गार ताकात विष घातलं. चिमाबाईंनी पेला सोंडेखाली ठेवला.

हत्ती हूं की चूं करेना! चिमाबाईंचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

तेवढ्यात रपेट करून घामाघूम झालेला राजा आत आला. "हत्ती गप्प? मग ताक चांगलंच असणार," म्हणत त्याने पेला उचलून ओठांशी नेलासुद्धा.

"महाराज!" चिमाबाईंनी फाडकन त्याच्या हातावर चापट मारली. पेला उडाला. राजाच्या अंगावर हात!

वैद्य पुढे येऊन म्हणाला, "महाराज, त्यात विष होतं. मीच घातलं होतं."

कारागिराने कपाळावर हात मारून घेतला. "गार काही मी कधी ठेवूनच पाहिलं नव्हतं," तो पुटपुटला.

"घेऊन जा हा हत्ती," राजा त्याला म्हणाला. "गरम, गार, पातळ, कोरडं, सगळं ठेवून बघ. चिमाबाई हो म्हणतील तेव्हाच परत आण."

त्या दिवशी जेवणाचा पहिला घास पुन्हा चिमाबाईंनीच खाल्ला. त्यांनी तो गिळेपर्यंत राजा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याला त्यांच्यासाठी पहिल्यांदाच भीती वाटली.

बाळांनो आणि थोरांनो, बोध एवढाच: एकाच तऱ्हेच्या शंभर परीक्षा म्हणजे एकच परीक्षा, पारख करायची तर प्रत्येक तऱ्हेचं एक तरी पुढे ठेवून बघावं.