भागुजीच्या घराचा विमा

नदीकाठच्या एका गावात भागुजी नावाचा भोळा घरमालक होता. अजूनही आहे. सांगितलेलं एक अक्षर तो विसरत नसे, आणि तीच सगळी पंचाईत होती.

पेठेत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. भाड्याने द्यायचं म्हणून ठेवलेलं, पण भाडेकरू काही टिकत नसे. अखेर पोस्टमास्तर डिंगरे राहायला आले. बिचारे बदली होऊन नवीनच आले होते, त्यांना काय ठाऊक!

भागुजीची बायको अनुसया म्हणाली, "हा माणूस गेला तर गावात दुसरा मिळायचा नाही. आधी घराचा विमा काढा."

विमा एजंट शेटे ओट्यावर कागद पसरून बसले. "ही आगीची पॉलिसी. ही पाण्याची, हिच्यात नळ फुटला तरी भरपाई मिळते. आणि ही वॉरंटी. नळ, मोटार, गिझर बिघडला की आमचा माणूस येऊन नीट करतो. कोणती देऊ?"

"रोज उपयोगी पडेल अशी कोणती?"

"अहो, कधीच उपयोगी पडू नये म्हणून तर घ्यायची!"

"मग नको. तसल्या वस्तू घरात पुष्कळ आहेत."

अनुसयेने कपाळाला हात लावला आणि तिन्ही घेतल्या. जाताना शेटे म्हणाले, "नुकसान झालं की कशालाही हात लावायचा नाही. आधी फोटो काढायचे, मग कंपनीचे साहेब पाहणीला येणार."

"लक्षात ठेवतो," भागुजी म्हणाला, आणि ठेवलं.

तिसऱ्या दिवशी माळा कोसळला. खाली डिंगरे मास्तर, वर ट्रंक, आणि त्यावर पिठाचा डबा.

"भागुजीराव, उचला हो!"

"हलू नका मास्तर. फोटो हलतोय."

चारी बाजूंनी फोटो काढून भागुजी साहेबांची वाट पाहत बसला. शेवटी अनुसयेने येऊन मास्तरांना ओढून काढलं.

शेटे ओरडले, "अहो, आधी माणूस बाहेर काढायचा! मग बाकीचं!"

"लक्षात ठेवतो."

गुरुवारी बाजार होता. भागुजीला न्हाणीघराच्या खिडकीतून वाफ येताना दिसली. त्याने धक्का मारून दार उघडलं, डिंगरे मास्तरांना खांद्यावर टाकलं आणि भर बाजारात भाजीवालीच्या शेजारी आणून उभं केलं. मास्तरांच्या अंगावर साबण होता. साबणच होता.

"मास्तर, गुदमरला नाही ना?" भागुजीने मायेने विचारलं.

मास्तरांनी भाजीवालीची पाटी पुढे धरली आणि घर गाठलं.

शेटे म्हणाले, "भाडेकरूच्या घरात असं घुसतात का? लेखी परवानगी घ्यायची, मगच आत पाऊल टाकायचं!"

"लक्षात ठेवतो."

पुढच्या आठवड्यात मास्तर कामावर असताना नळ फुटला. दाराखालून पाणी वाहू लागलं. किल्ली भागुजीच्या खिशात होती. पण लेखी परवानगी? तो धावत पोस्टात गेला. खिडकीत खुद्द डिंगरे बसले होते. भागुजीने त्यांच्याकडूनच पाकीट आणि तिकीट घेतलं, त्यांच्याचकडून डिंक मागून घेतला, पत्र लिहून पेटीत टाकलं.

"घरी सगळं ठीक ना?" मास्तरांनी भीतभीतच विचारलं.

"पत्रात सविस्तर लिहिलंय," भागुजी म्हणाला.

मास्तर संध्याकाळी घरी पोचले तेव्हा गादी उंबऱ्यापाशी तरंगत होती. पत्र दोन दिवसांनी मिळालं.

आता मात्र मास्तरांनी सामान बांधलं. अनुसया रडकुंडीला आली. "साहेब पाहणी करून जाईपर्यंत थांबा हो भाऊ. भरपाई मिळाली की नवी फरशी घालते, नवी गादी देते."

मास्तर मनाने चांगले. म्हणाले, "मंजूर झाली तर राहतो. नाहीतर त्याच संध्याकाळच्या एसटीने चाललो."

वॉरंटीच्या माणसाने नळ नवा बसवला. पंधरा दिवसांत घर वाळलं. फुगलेलं कपाट आणि उखडलेली फरशी तेवढी राहिली. पाहणीच्या आदल्या दिवशी शेटे भागुजीला हात जोडून म्हणाले, "साहेबांना नुकसान दाखवायचं, जसंच्या तसं. काही कमी नाही, काही जास्त नाही."

"लक्षात ठेवतो," भागुजी म्हणाला.

साहेब आले. सुटाबुटातले, चांगल्या स्वभावाचे. त्यांनी कपाट पाहिलं, फरशी पाहिली, मास्तरांशी दोन शब्द बोलले. "भरपाई मिळायला हरकत नाही," असं म्हणून त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. अनुसया साखर आणायला शेजारी धावली.

तेवढ्यात बाहेरून कडी लागली. मागच्या बाजूला पहारीचा एक दणका बसला, आणि नवा नळ फुटला.

साहेब खुर्चीवर चढले. मास्तर कपाटावर. कागद तरंगत तरंगत मोरीत गेला.

"अहो, दार उघडा! हे काय चाललंय?" साहेब किंचाळले.

खिडकीत भागुजीचा हसरा चेहरा दिसला. हातात मोजपट्टी होती.

"घाबरू नका साहेब. त्या दिवशी पाणी याहून चार बोटं वर होतं. तेवढं भरू द्या, मग सही करा."