पुढं कोण आहे त्यावर

इंग्रजीच्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत प्राचार्य सरंजामे भारती सोनकांबळेवर खेकसले, "'बॅट'मधला 'ॲ' आखूड आणि 'बॅड'मधला लांब? स्वर एकच आहे. खेड्यातले उच्चार इथं चालायचे नाहीत!"

उच्चार अचूक होता. भारतीचं डोकंच फिरलं. ती म्हणाली, "सर, स्वर एकच, पण पुढं कोण येतं, 'ट' की 'ड', त्यावर तो लांबतो. मघाशी संस्थाचालकांच्या सूनबाई मुलाखतीला आल्या, तेव्हा तुमचं 'याऽऽ, बसाऽऽ' बाहेर व्हरांड्यात ऐकू आलं. मला नुसतं 'बस' म्हणालात. तोंड तर एकच आहे ना?"

बाकीचे परीक्षक खाली बघून हसले.

नेमणूक अर्थातच सूनबाईंची झाली. पहिल्याच तासाला त्यांनी दोन्ही 'ॲ' एकाच मापानं शिकवले, आणि मागच्या बाकावरून सरंजामे म्हणाले, "वाऽऽऽ!"